जटिल वाक्य म्हणजे अवघड वाक्य का?

पुण्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न असा आहे: 'आमच्या शेजारी सोनारकाम करणारे एक बंगाली कुटुंब राहते. त्यांची आठवीतली मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. ती "माय फादर गोल्डस्मिथ" असे "इज" गाळून लिहिते आणि भावाला "शी" म्हणते. परवा म्हणाली, "काकू, जोटिल बाक्को जमत नाही." मला वाटले, अवघड वाक्ये जमत नसतील. वही उघडली तर अडलेली वाक्ये चार-पाच शब्दांची, अगदी साधी. बंगालीत जटिलचा अर्थ काही वेगळा आहे का?'

ताई, अर्थ वेगळा नाही, पण तिथे तो शब्द व्याकरणाची संज्ञा म्हणून आला आहे. इंग्रजी व्याकरणातल्या 'कॉम्प्लेक्स सेंटेन्स'ला बंगाली शाळेत 'जटिल वाक्य' म्हणतात, उच्चारात 'जोटिल बाक्को'. आपण त्यालाच मिश्र वाक्य म्हणतो, म्हणजे एक मुख्य वाक्य आणि त्याला धरून असलेले गौण वाक्य. आपले संयुक्त वाक्य ते त्यांचे 'यौगिक', आपले केवल वाक्य ते त्यांचे 'सरल'. जटिलच्या जोडीला 'मिश्र' हा शब्दही काही बंगाली पुस्तकांत दिसतो, पण मुलांच्या तोंडी जटिलच असतो. त्या मुलीला अवघड वाक्ये जमत नाहीत असे नाही, मिश्र वाक्ये जमत नाहीत. आणि ती का जमत नाहीत, याचे उत्तर तुमच्याच पहिल्या तक्रारीत आहे, त्या गाळलेल्या 'इज'मध्ये. तिकडे येतेच, पण आधी शब्दाचे पाहू.

ही दोन शब्दांची फारकत व्याकरणापुरती नाही. गणितातल्या 'कॉम्प्लेक्स नंबर'ला मराठीत संमिश्र संख्या म्हणतात, बंगालीत जटिल संख्या. म्हणजे एकाच इंग्रजी शब्दापुढे आपण दोन्ही ठिकाणी मिसळण्याकडे गेलो आणि बंगाली माणूस दोन्ही ठिकाणी जटेकडे गेला. 'कम्पाउंड'चेही तसेच. रसायनशास्त्रात आपले संयुग, वाक्यात संयुक्त. त्यांचे रसायनात यौगिक पदार्थ, वाक्यात यौगिक वाक्य. दोन्ही शब्द 'युज्' म्हणजे जोडणे या एकाच संस्कृत क्रियाधातूचे, म्हणून तिथे आपली गाठ पडते आणि गोंधळ होत नाही.

जटिल म्हणजे मुळात जटा असलेला. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वतीची परीक्षा घ्यायला शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषात येतो, तेव्हा कालिदास लिहितो: 'विवेश कश्चिज्जटिलस्तपोवनम्'. कोणी एक जटाधारी तपोवनात शिरला. त्यात अवघडपणाचा मागमूस नाही. गुंतागुंतीचा हा अर्थ पुढे आला, मराठीत 'जटिल प्रश्न' म्हणताना तेवढाच उरला. आता इंग्रजी शब्दाचे मूळ पाहा. लॅटिनमध्ये 'प्लेक्तेरे' म्हणजे विणणे, पेड घालणे. त्याला 'कॉम्' जोडून 'कॉम्प्लेक्स' झाला. पेड एकमेकांत गुंफलेले, असा त्याचा आशय. त्यामुळे माझ्या मते बंगाली शब्द मूळ कल्पनेच्या आपल्या मिश्रपेक्षा जास्त जवळ आहे. मिश्र म्हटले की डाळ-तांदूळ एकत्र केल्यासारखे वाटते, त्यात कोण कुणाला धरून आहे हे कळत नाही. फक्त जटेपेक्षा वेणी ही उपमा बरी, कारण जट सुटत नाही आणि वेणी पेड-पेड करून उलगडता येते. बंगालीत वेणीला 'बिनुनि' म्हणतात. त्या मुलीला 'जोटिल म्हणजे बिनुनि घातलेले वाक्य' एवढे सांगून पाहा. निम्मी भीती तिथेच जाईल.

बंगाली व्याकरणातली आणखी एक संज्ञा मला फार आवडते. आपण ज्याला गौण वाक्य म्हणतो त्याला ते 'आश्रित खंडवाक्य' म्हणतात. गौण म्हटले की कमी महत्त्वाचे वाटते आणि मुले त्यातला मजकूर बिनमहत्त्वाचा समजतात. 'बाबा म्हणाले की घर विकले' यात बातमी सगळी गौण वाक्यातच आहे! आश्रित म्हणजे दुसऱ्याच्या आधाराने उभे असलेले. व्याकरणाच्या दृष्टीने एवढेच म्हणायचे असते.

दोन भाषांनी वेगळे शब्द घेतले याचे मला नवल वाटत असे, कारण दोन्हींच्या सुरुवातीच्या छापील व्याकरणांत एकच माणूस आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी यांनी १८०१ साली बंगालीचे व्याकरण छापले आणि १८०५ साली मराठीचे. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते दोन्ही भाषा शिकवत. पण ती पुस्तके इंग्रजीत होती, साहेबांना भाषा शिकवण्यासाठी. देशी संज्ञा ज्याने त्याने आपल्या घरी घडवल्या.

आता त्या 'इज'कडे. मी नोकरीनिमित्त काही वर्षे कोलकात्यात होते. बंगाली शिकताना मी 'शे डाक्तार आछे' म्हणायची, म्हणजे तो डॉक्टर आहे. शेजारच्या काकीमा दर वेळी शांतपणे दुरुस्त करायच्या: 'शे डाक्तार.' बस. क्रियापद नाही. (बंगालीत 'स' लिहितात आणि बहुधा 'श' उच्चारतात, इथली वाक्ये मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.) 'आछे' येते ते कुठे असण्यासाठी किंवा जवळ असण्यासाठी: 'बाबा बाडिते आछे', वडील घरी आहेत. कोणी असण्यासाठी वर्तमानकाळात काहीच लागत नाही. मराठीत एकच 'आहे' दोन्ही कामे करतो, म्हणून मला चुकायला होई. आपणही 'आज गुरुवार', 'हा माझा भाऊ' असे म्हणतोच, पण आपल्याला 'आहे' लावायची मुभा आहे. बंगालीत 'आछे' तिथे लावताच येत नाही.

नकारात हा फरक उघडा पडतो. 'शे डाक्तार नॉय' आणि 'शे बाडिते नेइ'. पहिल्याला आपल्याकडे 'तो डॉक्टर नव्हे' हे जुने, नेमके रूप होते, दुसऱ्याला 'तो घरी नाही'. नॉय आणि नव्हे, दोन्ही 'न' आणि 'होणे' यांतून आलेली. आपण आता सगळीकडे 'नाही' वापरून नव्हे बाजूला टाकत चाललो आहोत, बंगालीने ते राखले. तुमच्या विद्यार्थिनीला 'इज' सांगताना हेच उलटे वापरा: जिथे नकार 'नॉय' होतो तिथे बंगालीत क्रियापद लपलेले असते आणि इंग्रजीत ते लिहावेच लागते.

'ही' आणि 'शी'चा घोळ याहून सोपा आहे. बंगालीत तो आणि ती दोन्हींना 'शे', आदरार्थी 'तिनि', आणि क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही. भावाला 'शी' म्हणण्यात ध्वनिसाम्याचाही हात असावा, कारण तिच्या 'शे'च्या सर्वांत जवळचा इंग्रजी शब्द 'शी' आहे. हे सवयीने जाईल, त्यावर फार वेळ घालवू नका.

खरी गाठ पुढे आहे. वाक्य सरल की जटिल हे ओळखायला बंगाली शाळेत 'शोमापिका क्रिया', म्हणजे समापिका, वाक्य संपवणारी क्रियापदे मोजायला शिकवतात. एक असेल तर सरल. ही कसोटी चांगली आहे. 'घरी येऊन, हात धुऊन, जेवून मी झोपले' हे लांबलचक असले तरी केवल वाक्य, कारण संपवणारे क्रियापद एकच. बंगालीतही हुबेहूब असेच: 'बाडि एशे, हात धुये, भात खेये आमि घुमिये पोडलाम.' येऊन, धुऊन ही त्यांची 'अशोमापिका', न संपवणारी. (तिच्या वहीत 'कमिंग होम, वॉशिंग हॅन्ड, ईटिंग राइस आय स्लेप्ट' असे सापडले तर ते इथून आले आहे, इंग्रजीला तिथे 'आय केम होम' असे सरळ क्रियापद आणि 'अँड' हवा असतो.) उलट 'मला माहीत आहे की तो आला' हे चिमुकले वाक्य जटिल. लांबीचा संबंधच नाही.

पण आता हे वाक्य घ्या: 'जे छेलेटा गान गाइछे, शे आमार भाइ.' जो मुलगा गातोय, तो माझा भाऊ. क्रियापदे मोजायला सांगितली तर मुलगी एकच मोजणार, 'गाइछे'. दुसऱ्या खंडात दिसणारे क्रियापदच नाही! कानाला दोन खंड ऐकू येतात, पण हिशेबात एक क्रियापद. मग हे सरल की जटिल? तिथे ती अडते. आणि इंग्रजीत उतरवताना लिहिते, 'द बॉय हू सिंगिंग, शी माय ब्रदर.' इंग्रजीत या वाक्यात 'इज' दोनदा येतो, एकदा 'हू इज सिंगिंग'मध्ये आणि एकदा 'इज माय ब्रदर'मध्ये. पहिला ती गाळते कारण 'गाइछे' हा तिच्या कानाला एकच शब्द आहे. दुसरा गाळते कारण तो तिच्या भाषेत नाहीच. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत, ताई. 'इज' दिसू लागला की जटिल वाक्यही दिसू लागेल.

त्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मराठी मुलांनाही लागू पडते. बंगालीची वेणी बहुधा जोडीने घातली जाते: जे–शे, जोखोन–तोखोन, जोदि–ताहोले, जोदिओ–तोबु. आपली जो–तो, जेव्हा–तेव्हा, जर–तर, जरी–तरी तशीच. इंग्रजी जोडीतला एकच शब्द ठेवते. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जेव्हा आणि तेव्हासाठी एकच शब्द दोन्ही खंडांच्या आरंभी येत असे. पुढे ती जोडी मोडली. आपण आणि बंगाली दोघेही ती मनात धरून लिहितो, म्हणून 'व्हेन बाबा केम, दॅट टाइम आय वॉज स्लीपिंग' होते, 'दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट' होते, आणि 'द बॉय हू…, ही…' होते. तिला आधी जोडी बंगालीत लिहू द्या, मग दुसऱ्या शब्दावर काट मारायला सांगा, आणि मग इंग्रजी करायला. मी कोलकात्यात दोन मुलांना असे शिकवले होते. काट मारलेला शब्द डोळ्यांसमोर असल्यामुळे तो परत यायचा बंद होतो.

प्रश्नार्थक वाक्यांत तिला अडचण येईल ती आपल्यासारखीच. 'तुमि कि जाबे?' मध्ये 'कि' हा आपला 'का' आहे, तू जाशील का. क्रम बदलत नाही, म्हणून 'यू विल गो?' लिहिले जाते. दीर्घ 'की' म्हणजे काय. ऱ्हस्व-दीर्घाचा हा भेद पाळावा म्हणून रवींद्रनाथांनी आग्रह धरला होता. तिच्या बंगाली लेखनात ऱ्हस्व 'कि' दिसला की इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याआधी न्यायचे, दीर्घ 'की' दिसला की आधी 'व्हॉट' लिहून मग तेच करायचे.

एक शेवटची काळजी घ्या. पुण्याच्या शाळेत तिला मराठीही असणार, आणि तिथे हेच वाक्य 'मिश्र' म्हणून पुढे येईल, यौगिक 'संयुक्त' म्हणून, सरल 'केवल' म्हणून. वहीच्या शेवटच्या पानावर तिन्ही जोड्या आजच लिहून द्या, बंगाली शब्द आधी.