वाचक विचारतात : प्रेसवर बोटं कशी वाचवायची?

प्रश्न : मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायच्या, आकार द्यायच्या मशीनवर) आहे. दोन्ही हातांनी बटणं दाबायची असतात पण पीस कमी निघतात म्हणून सुपरवायझरनेच एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलंय. ट्रेनिंग म्हणाल तर पहिल्या दिवशी दहा मिनिटं आणि एक सही. काय करू?

उत्तर : भाऊ, पहिलं ती पाचर काढायला लावा, कारण दोन बटणं असतात तीच मुळी रॅम (वरून आदळणारा जड भाग) खाली येताना दोन्ही हात डायच्या (खालच्या साच्याच्या) बाहेर राहावेत म्हणून, एक अडकवलं की मोकळा हात आपोआप आत जातो आणि मग बोट गेलं की गेलंच. तुमची प्रेस जुनी, की-क्लचवाली असेल तर आणखी जपा, ती एकदा सुटली की पूर्ण फेरा मारूनच थांबते, मध्ये अडवता येत नाही, त्यामुळे तिला नुसता हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर लावून भागत नाही, डायभोवती जाळीचा गार्डच पाहिजे. पीस चिमट्याने नाहीतर मॅग्नेटने काढा. डाय बदलताना मेन स्विच बंद, फ्लायव्हील (प्रेस फिरवणारं जड चाक) पूर्ण थांबलेलं आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे रॅम अडवून धरणारा ठोकळा, एवढं झाल्याशिवाय हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

मालकाला पाचरीबद्दल लेखी कळवा, कॉपी जवळ ठेवा. ऐकलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते. आणि हो, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड निघालंय का तेही बघा, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर विचारायलाच हवं.