वाचकांचे प्रश्न : लहान जहाजातून स्वालबार्ड

प्रश्न : माझे वय ६७ असून पत्नी ६३ वर्षांची आहे. येत्या जुलैच्या अखेरीस नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाभोवती दहा दिवसांची जहाजसफर करण्याचा आमचा विचार आहे. एक माहितीपत्रक हजारांवर प्रवासी नेणाऱ्या मोठ्या जहाजाचे आहे, तर दुसरे शंभरएक प्रवाशांच्या लहान जहाजाचे. पण लहान जहाजाचे भाडे बरेच जास्त आहे. हा जादा खर्च सार्थकी लागेल का? पत्नीचे गुडघे दुखतात आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. व्हिसाविषयीही मार्गदर्शन करावे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले मन ध्रुवीय निसर्ग जवळून पाहण्यात गुंतले असेल, तर लहान जहाजच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जादा पैसे केबिनच्या थाटासाठी नव्हे, तर किनाऱ्यावर पाऊल ठेवता येण्यासाठी मोजायचे आहेत. तिथल्या निर्जन किनाऱ्यांवर धक्का नसतो. जहाज खाडीत थांबते आणि झोडियाक नावाच्या रबरी बोटीतून दहाएक जणांना एका वेळी किनाऱ्यावर नेले जाते. त्यातच नॉर्वे सरकारने १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक केले आहेत. संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना आता प्रवेश नाही आणि तिथे पर्यटकांना उतरता येते तेही ठरवून दिलेल्या ४३ ठिकाणीच. त्यामुळे मोठ्या जहाजावरून आपल्याला डोंगर आणि हिमनद्या दिसतील खऱ्या, परंतु बेटांचा उत्तम भाग त्याच्या वाटेत येणारच नाही.

पांढरे अस्वल दिसेलच, असे आश्वासन कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नये. दिसले तरी जहाजाने त्याच्यापासून किमान ३०० मीटर दूर राहिले पाहिजे. १ मार्च ते ३० जून या काळात तर हे अंतर ५०० मीटर आहे. तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी चांगली दुर्बीण घ्यावी, तीही दोघांना स्वतंत्र. माहितीपत्रकात छापलेला मार्ग पक्का मानू नये. बर्फ कुठे हटला आहे आणि वारा कसा आहे, हे पाहून कप्तान आणि मोहीमप्रमुख रोजचा बेत ठरवतात. उतरण्याच्या जागेजवळ अस्वल आढळले, तर बोटी खाली सोडल्याच जात नाहीत. वाटाडे बंदूक बाळगतात, पण ती अगदी शेवटचा उपाय म्हणून. अस्वलाला टाळणे हेच त्यांचे खरे काम असते आणि ते मला योग्य वाटते.

आता गुडघ्यांविषयी. आपल्या निर्णयात सर्वांत जास्त वजन याच गोष्टीला द्यावे. जहाजाच्या बाजूच्या शिडीवरून हलत्या बोटीत उतरताना हाताचा पंजा धरायचा नसतो. खलाशाने आपल्या कोपराखालचा हात पकडायचा आणि आपण त्याचा, म्हणजे पकड ओली असली तरी सुटत नाही. मग एक पाय बोटीच्या फुगीर रबरी काठावर, दुसरा आत तळाशी आणि लगेच बसायचे. किनाऱ्याशी याच्या उलट क्रम : काठावर बसूनच सरकत जायचे, दोन्ही पाय बाहेर वळवायचे आणि घोटाभर, कधी नडगीपर्यंत पाण्यात उतरायचे. रबरी बूट गुडघ्यापर्यंतचे असतात. अनेक कंपन्या ते जहाजावरच देतात. आपल्या पत्नीला आधाराने दोन पायऱ्या उतरता येत असतील आणि खालच्या बाकावरून उठता येत असेल, तर त्यांना हे जमेल. किनाऱ्यावर चालणाऱ्यांचे वेगळे गट केले जातात. सर्वांत सावकाश गटात नाव द्यावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

ज्या दिवशी उतरणे नसते, त्या दिवशीही बोटीतून खूप काही दिसते. हिनलोपेन सामुद्रधुनीतील अल्केफ्येलेटच्या उभ्या कड्यांवर ब्रुनिख गिलेमॉट पक्ष्यांच्या हजारो जोड्या घरटे न बांधता उघड्या कातळावरच अंडी घालतात. जुलैच्या अखेरीपासून त्यांची पिल्ले, उडता येत नसतानाही, कड्यावरून समुद्राच्या दिशेने झेप घेतात आणि पुढे नर त्यांना पाण्यात सांभाळतो. केवळ यासाठी मी ही सफर सुचवीन. मार्गात न्यू-ओलेसुंड ही संशोधकांची छोटी वस्ती असल्यास पाहावी. ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र २००८ पासून तिथे आहे आणि त्याचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. तिथल्या संवेदनशील उपकरणांसाठी मोबाइलचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते.

जेवणाचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे आणि त्यात अंडी चालतात की नाही, तेही स्पष्ट लिहावे. कारण जहाज एकदा निघाले की वाटेत भाजी मिळण्याची सोय नाही.

स्वालबार्डला जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, मात्र ऑस्लोमार्गे जाताना शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा) लागतो. स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर असल्याने परतताना आपण त्या क्षेत्रात दुसऱ्यांदा प्रवेश करता, म्हणून दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचाच व्हिसा मागावा. एकदाच प्रवेशाचा घेतल्यास परतीची वाट अडते. विम्यात हवाईमार्गे रुग्ण हलवण्याचा खर्च समाविष्ट असल्याची खात्री करावी. स्वालबार्डमधील मुख्य वस्ती असलेल्या लाँगइयरब्येनचे रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला मुख्य भूमीवर ट्रोम्सोला न्यावे लागते.

प्रश्न : याच सफरीत ध्रुवीय प्रकाश (रात्रीच्या आकाशातील रंगीत ‘ऑरोरा’) दिसेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जुलैमध्ये नाही. लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही, त्यामुळे आकाश कधी काळोखे होत नाही. ध्रुवीय प्रकाश आणि जहाजसफर दोन्ही हवे असल्यास सप्टेंबरमध्ये पूर्व ग्रीनलँडच्या स्कोर्सबी साउंड या खोल खाडीत जाणाऱ्या लहान जहाजांचा विचार करावा. नेहमीचा शेंगेन व्हिसा ग्रीनलँडला चालत नाही; ग्रीनलँडसाठी वैध असल्याची नोंद असलेला व्हिसा डेन्मार्कच्या दूतावासाकडून घ्यावा लागतो.