‘येतं सगळं, पण इंग्रजीत निघत नाही’

इंजिनिअरिंगचे निकाल लागून दोन-तीन महिने झाले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं असतं. लातूर, नांदेड, बुलढाणा, सोलापूरकडची ही मुलं. पुण्यात कर्वेनगरात नाहीतर वारज्यात कॉट बेसिसवर राहायचं, जावाचा क्लास लावायचा, घरून येणारे पैसे पुरवून पुरवून वापरायचे आणि हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांच्या मुलाखतींची वाट बघायची. बरीचशी मराठी शाळेत शिकलेली. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे यांच्या पदरी दहा वर्षांचं शालेय इंग्रजी आहे आणि वर पदवीचे पेपरही इंग्रजीतच लिहिलेले आहेत. वाचता येतं, लिहिता येतं. बोलायची वेळ मात्र फारशी कधी आलेलीच नसते.

त्यातली एक, तिला वर्षा म्हणू. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) दोन कंपन्यांतून नकार पचवून आली होती आणि बसल्या बसल्या तिनं विचारलं, “मॅडम, आधी इंग्रजीचा क्लास लावू का?” मी म्हटलं, क्लासचं नंतर बघू, मुलाखतीत काय झालं ते सांग.

“ऑनलाइन होती. त्यांनी लेफ्ट जॉइन विचारला. मला येत होता ओ!” (एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत दोन तक्ते जोडायची ही एक रीत.)

“मग?”

“मनात वाक्य जुळवत होते. ‘डू’ येईल का ‘डज’ येईल…”

“चुकलं असतं तर?”

“त्यांना वाटलं असतं, हिला काहीच येत नाही.”

“तू गप्प होतीस तेव्हा समोरचे काय म्हणाले?”

ती आठवू लागली. “‘एम आय ऑडिबल?’ म्हणाले. दोनदा.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड मिटून बसावं, हे मला इतक्या वर्षांत चांगलं जमायला लागलंय. थोड्या वेळानं वर्षाच हसायला लागली. “म्हणजे त्यांना वाटलं, त्यांचाच माईक बंद आहे!”

ती समजत होती की समोरचा माणूस तिचं व्याकरण तपासतोय, आणि तो बिचारा स्वतःच्या हेडफोनची वायर तपासत होता. तिची चूक त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, कारण तिनं ती होऊच दिली नव्हती. त्याच्यापर्यंत पोहोचली ती फक्त शांतता. आणि न बोलणाऱ्या उमेदवाराला कुणी मार्क द्यायचे कसे?

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीत शिकले, हे माझे जुने वाचक जाणतातच. एलिस म्हणत, माणसाला घटना तेवढी छळत नाही, त्या घटनेबद्दल त्यानं मनाशी धरलेला हट्ट छळतो. ‘चांगलं बोलता आलं तर बरं’ ही इच्छा झाली. ‘माझं एकही वाक्य चुकता कामा नये’ हा हट्ट. वर्षाचं इंग्रजी सुधारायला वर्ष लागलं असतं. हट्ट सोडायला तेवढा वेळ लागत नाही, पण नुसतं पटून तो सुटतही नाही. स्वतः एलिसना तरुणपणी बायकांशी बोलायची धास्ती होती. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन त्यांनी महिनाभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलणं काढलं. प्रेम जमलं नाही, भीती मात्र गेली.

मी वर्षाला अप्पा बळवंत चौकात पाठवलं. डेटाबेसचं पुस्तक इंग्रजीत मागायचं आणि वाक्यात मुद्दाम एक ढोबळ चूक करायची. पुढच्या भेटीत सांगत होती, “दुकानदारानं वरही बघितलं नाही. ‘कुठलं प्रकाशन, टेकमॅक्स का निराली?’ एवढंच म्हणाला.”

मग आम्ही तिच्या प्रोजेक्टकडे वळलो. बाजार समितीत येणाऱ्या सोयाबीनची आवक आणि सौदे यांची नोंद ठेवणारं अ‍ॅप तिनं केलं होतं. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा मलाच लेफ्ट जॉइन समजावून सांग, म्हटलं, मराठीत. तिनं कागद ओढला. “हे आवकेचं टेबल, हे सौद्याचं. माल आणला पण सौदा झाला नाही, असा शेतकरीपण यादीत दिसला पाहिजे की नाही? इनर जॉइन लावला तर तो गळतो. लेफ्ट जॉइन लावला तर तो राहतो आणि त्याच्यापुढं भावाच्या जागी नल येतं, म्हणजे जागा रिकामी.” मला कळलं, आणि मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. हेच तिनं मग इंग्रजीत तीन तुटक वाक्यांत सांगितलं. एकात क्रियापदच नव्हतं. तरीही कळलं.

तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं असं. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं पाठ केलेलं उत्तर पुढच्या उपप्रश्नालाच उघडं पडतं, म्हणून पाठांतर नको. आपल्या प्रोजेक्टबद्दल पाच-सहा छोटी वाक्यं तयार ठेवा: काय केलं, का केलं, कुठं अडलं, कसं सोडवलं. रोज एक उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, वाटू द्या. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. विचाराला वेळ हवा असेल तर ‘गिव्ह मी अ मिनिट’ म्हणा, पण मुकेपणानं बसू नका. कोड लिहिताना डोक्यात चाललंय ते मोडकंतोडकं का होईना, बोलत राहा. मुलाखत घेणाऱ्याला तेच ऐकायचं असतं. आकृती काढून दाखवायची परवानगी मागितली तर सहसा मिळते. आणि बायोडेटावर ‘एक्सलंट कम्युनिकेशन’ कशाला लिहिता? आपणच आपल्या मानेवर सुरी ठेवायची!

इंग्रजी लागतच नाही, असं मी कुणाला सांगत नाही. परदेशी क्लायंटशी रोज बोलायचं काम असेल तिथं लागतं, आणि तिथं नकार आला तर तो रास्तच आहे. क्लासही खुशाल लावावा. पण इंग्रजी पक्कं होईपर्यंत मुलाखतीच द्यायच्या नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. बोलायची सवय बोलूनच लागते आणि मुलाखतीइतका फुकटचा सराव पुण्यात दुसरीकडे मिळत नाही.

पुढच्या मुलाखतीत वर्षा पहिली फेरी पार करून दुसऱ्या फेरीत पडली. संध्याकाळी फोन आला. मी धीर द्यायच्या तयारीत होते, तर पलीकडून आवाज जवळजवळ खुशीतच. “मॅडम, प्रत्येक डिपार्टमेंटमधला दुसऱ्या नंबरचा पगार काढायला सांगितला. विंडो फंक्शन माझं कच्चं आहे, म्हणून पडले. इंग्रजीचं कुणी काही बोललंच नाही. आणि शनिवारी मी येत नाही, त्या वेळेला एसक्यूएलची बॅच आहे.”