जुन्या छोट्या ट्रॅक्टरला जादा हायड्रॉलिक लाइन

लिफ्ट हळू उचलते म्हणून आधीच पंप बदलू नका. तेलाची पातळी बघा, सक्शनची (पंप तेल ओढतो त्या बाजूची) जाळी काढून डिझेलने धुवा. तेलाला फेस येत असेल तर बहुतेक सक्शन पाइपची ओ-रिंग (रबरी सील) एअर घेतेय. रात्रभर उभं ठेवूनही तेल दुधाळच राहिलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला.

ट्रॉलीच्या जादा लाइनसाठी व्हॉल्व्ह घेताना ‘पॉवर बियाँड’ (प्रेशरचं तेल पुढे लिफ्टला देणारं वेगळं पोर्ट) असलेलाच घ्या, दुकानदार काहीही म्हणो. पंपाची लाइन इनलेटला, पॉवर बियाँड लिफ्टकडे, आणि टँक पोर्टचा पाइप थेट तेलाच्या टाकीत. हा तिसरा पाइप वाचवायला जाल तर व्हॉल्व्हची बॉडी फुटू शकते. रिलीफचं (जादा प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचं) प्रेशर गेज लावूनच सेट करा. बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. प्रेशरचं तेल कातडीत घुसतं.