वाचकांचे प्रश्न : ‘द साउंड अँड द फ्युरी’ पहिल्याच भागात अडते, काय करावे?

प्रश्न : विल्यम फॉकनर यांची ही कादंबरी दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडली. पहिल्या भागात कोण, कुठे, कधी यातले काहीच हाती लागत नाही. आधी सारांश वाचून घ्यावा का?

उत्तर : सारांश नको, काही खुणा पुरतात. मिसिसिपीतल्या कॉम्प्सन कुटुंबाची ही पडझड १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिला भाग ७ एप्रिल १९२८ या दिवसाचा आहे आणि तो बेंजीच्या मनातून येतो. बेंजी तेहतीस वर्षांचा आहे. त्याला बोलता येत नाही आणि त्याच्या लेखी ‘पूर्वी’ असे काही नसतेच. एखादा स्पर्श, वास, हाक झाली की तो थेट जुन्या प्रसंगात असतो.

पहिली उडी नीट पाहा. कुंपणातून जाताना बेंजीचे कपडे खिळ्यात अडकतात, त्याला सांभाळणारा लस्टर करवादतो. पुढच्याच ओळीत अडकलेले कपडे सोडवते ती बहीण कॅडी, आणि ऋतू हिवाळा! खिळा तोच, वर्षे मधली गळालेली. भागभर हेच चालते. उडी बहुधा तिरप्या अक्षरांत असते, पण तिरपा मजकूर संपला म्हणजे आपण १९२८ मध्ये परतलो असे समजू नका. पुष्कळदा जुना प्रसंग साध्या अक्षरांतच पुढे सरकतो. वाचक चुकतात ते बहुतेक इथेच.

काळ ओळखायचा तो बेंजीला सांभाळणाऱ्या मुलावरून. व्हर्श असेल तर बालपण : आजीचा मृत्यू, कॅडीची चिखलाने भरलेली चड्डी, १९०० मध्ये बेंजीचे मॉरी हे नाव बदलणे. टी. पी. असेल तर कॅडीचे १९१० मधले लग्न आणि त्याच्या आसपासची वर्षे. लस्टर असेल तर १९२८. पुस्तकाच्या कोऱ्या पानावर ही तीन नावे लिहून ठेवा आणि प्रत्येक उडीला समासात व्ह, टी किंवा ल लिहा.

नावेही दोनदा येतात. क्वेंटिन हा बेंजीचा थोरला भाऊ आणि क्वेंटिन ही कॅडीची मुलगीसुद्धा. व्हर्शसोबत दिसतो तो भाऊ, लस्टरसोबत दिसते ती भाची. टी. पी.च्या काळात दोघेही येतात, पण तेव्हा भाची अगदी लहान असते. वडील आणि एक मुलगा, दोघेही जेसन. मॉरी हे मामाचेही नाव.

सुरुवातीला गोल्फ खेळणारे आपल्या कॅडीला, म्हणजे खेळाच्या काठ्या वाहणाऱ्या पोऱ्याला, हाक मारतात आणि बेंजी कण्हू लागतो, कारण त्याला ऐकू येते ते बहिणीचे नाव. पहिल्या वाचनात एवढे जाणवले तरी पुढे जा. अडलेल्या परिच्छेदावर तासभर बसू नका. पुढच्या भागांत तोच प्रसंग दुसऱ्याच्या तोंडून येतो आणि सुटतो.

प्रश्न : दुसऱ्या भागात विरामचिन्हेच नाहीशी होतात. तिथे कसा तग धरायचा?

उत्तर : हा भाऊ क्वेंटिनचा शेवटचा दिवस, २ जून १९१०, हार्वर्ड विद्यापीठ. आधी फक्त त्या दिवसाचा धागा पेन्सिलीने अधोरेखित करा : सकाळी घड्याळ फोडणे, दोन इस्त्र्या विकत घेणे, ट्रॉली, नदी, ब्रेडच्या दुकानात भेटलेली लहान इटालियन मुलगी, तिला पळवल्याच्या आरोपावरून अटक, मग हार्वर्डमधल्या जेरल्ड ब्लँडशी मारामारी. राहिलेले बरेचसे घरच्या आठवणींचे आहे. मन जितके ढासळते तितकी विरामचिन्हे विरळ होतात, तेव्हा ती लांबलचक वाक्ये थोडी मोठ्याने वाचा; बोलणारे दोन आवाज कानाला वेगळे ऐकू येतात. जेरल्डशी झालेली मारामारी आपल्याला नंतर कळते, कारण ती होत असताना क्वेंटिन मनाने कॅडीचा प्रियकर डाल्टन एम्स याच्यासमोर उभा असतो. एक गैरसमज फार वेळा होतो : बहिणीशी शरीरसंबंध आल्याचे तो सांगतो, पण तसे घडलेले नाही. कॅडीला जगापासून तोडून स्वतःजवळ ठेवण्याची ती त्याची हताश कल्पना आहे.

प्रश्न : माझ्या प्रतीत कॉम्प्सन घराण्याची माहिती देणारे परिशिष्ट आहे. ते आधी वाचू? की सोपा म्हणून जेसनचा भाग आधी?

उत्तर : दोन्ही नको. परिशिष्ट फॉकनरनी १९४५ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिले. ते पुढचे सगळे फोडते, शिवाय त्यातले काही तपशील कादंबरीशी जुळत नाहीत. ते शेवटी वाचा.

भाऊ जेसनचा भाग ६ एप्रिल १९२८ चा, म्हणजे बेंजीच्या आदल्या दिवसाचा असूनही तिसरा ठेवला आहे, आणि ते फार विचारपूर्वक केलेले आहे. जेसन कॅडीला शिव्या देतो आणि तिने मुलीसाठी पाठवलेले पैसे लाटतो. बेंजीला हिवाळ्यात जवळ घेणारी कॅडी आपण आधी पाहिलेली असते, म्हणून जेसनच्या शब्दावर आपला विश्वास बसत नाही. त्याचा भाग आधी वाचला तर कॅडीची ओळख जेसनच्या तोंडून होईल, आणि ती पुसून काढणे अवघड जाते.