‘वाढेल हो हळूहळू स्पीड’

“मॅडम, मला पळायला आवडतं. पण मला पळता येत नाही.” पहिल्या भेटीत त्या एवढंच म्हणाल्या. पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि मग, “म्हणजे येतं. पण लाज वाटते.”

पुण्यात सहकारनगरमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीतून तळजाई टेकडीकडे चढणारा रस्ता जवळ आहे. त्या रस्त्यावर त्या तीन वर्षं पळत होत्या आणि आता दोन महिने झाले, बूट चपलांच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर गेले होते. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून हे लिहिते आहे. हीच काळजी घेऊन येणारे बरेच जण मला भेटतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. मी इतकं हळू पळतो, याला पळणं म्हणायचं का? सगळे पुढे निघून जातात, मग मी हे कशाला करायचं?

त्यांना आपण नुसतं ताई म्हणू. वय ४७, शाळेत गणित शिकवतात. लॉकडाऊन उठल्यावर चालायला लागल्या आणि एके दिवशी उतारावर पाय आपोआप पळायला लागले. मग विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं. खांब वाढत गेले. सहा महिन्यांनी त्या न थांबता पाच किलोमीटर पळाल्या, ४७ मिनिटांत. “घरी येऊन मी पोळ्या लाटत होते आणि मला सारखं हसू येत होतं,” हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला की मी ते वाक्य तसंच्या तसं टिपून ठेवलं.

मग त्या एका ग्रुपमध्ये गेल्या. ग्रुप वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. माणसं मनमोकळी, रविवारी पळून झालं की पोहे-चहा, कुणाचा वाढदिवस असेल तर केक. पण रोज सकाळी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पडायचे. आज इतके किलोमीटर, इतका पेस, नवा पीबी, म्हणजे स्वतःची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. ताईंचा पेस किलोमीटरला साडेनऊ मिनिटं, बाकीच्यांचा साडेसहा-सात. त्यांनी स्क्रीनशॉट टाकणं बंद केलं. मग रविवारी सगळ्यांच्या आधी अर्धा तास जाऊन पळायला सुरुवात केली, म्हणजे शेवटी एकट्या उरायला नको.

सगळ्यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर, तीन तासांचा कटऑफ, म्हणजे तेवढ्या वेळात संपवायचं. साडेनऊच्या पेसने तीन तास वीस मिनिटं लागणार, हे गणिताच्या बाईंना ठाऊक होतंच. “वाटलं, गर्दीत होईल.” सतराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल घडी करून टेम्पोत चढत होतं. मागून, मागे राहिलेल्यांना उचलून नेणारी बस आली. आत बसलेल्या सगळ्यांना मेडल दिलं. ताईंनी ते पर्समध्ये कोंबलं आणि घरी कुणाला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशीपासून पळणं बंद.

पहिल्याच भेटीत मी एक साधी गोष्ट विचारली, रक्त कधी तपासलं होतं? समुपदेशकाने मनाकडे धावण्याआधी शरीराची चौकशी करावी, असं मी मानते. या वयात हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलेलं असलं तरी दम लागतो, आणि बाई स्वतःला आळशी ठरवून मोकळी होते. ताईंचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनीही पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. म्हणजे हा कुठला आजार नव्हता. त्या पळत होत्या तो त्यांचा वेगच होता.

आणि नेमकं हेच कुणी त्यांना म्हणालं नव्हतं. ग्रुपमधल्यांनी धीर दिला, “वाढेल हो हळूहळू स्पीड.” नवरा म्हणाला, “पुढच्या वर्षी नक्की.” मुलीने इंटरनेटवरून व्यायामाचा तक्ता काढून फ्रिजवर लावला. सगळी मायेची माणसं. पण प्रत्येकाच्या धीर देण्यात एकच गृहीत होतं, की हळू पळणं ही मधली पायरी आहे, लवकर ओलांडून जायची. तीन वर्षांत ती ओलांडली गेली नाही तर ताईंनी काय समजायचं? आपल्याला पळता येत नाही, हेच समजल्या. म्हणूनच असा धीर मी देत नाही. मी विचारलं, “समजा वेग कधीच वाढला नाही, तर?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग कशाला पळायचं?”

माझ्या कामात मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, या पद्धतीचा बराच आधार घेते. माणूस कोलमडतो तो बऱ्याचदा घटनेमुळे नाही, तिच्यावर त्याने जो हट्ट लादलेला असतो त्यामुळे, असं एलिस सांगत. मराठीत हा हट्ट ओळखायला फार सोपा, कारण आपण तो एका अक्षरात बोलतो, ‘च’. मी ताईंना त्यांची वाक्यं कागदावर लिहायला सांगितली. ‘करायचं तर नीटच करायचं.’ ‘पूर्ण करता आलंच पाहिजे.’ ‘मागे राहायचं नाहीच.’ मग त्यांनीच लाल पेनने एकेक ‘च’ खोडला आणि वाक्यं पुन्हा वाचली. ‘पूर्ण करता आलं पाहिजे’ वाचून म्हणाल्या, “हे तर नुसतं आवडेल असं झालं.” मी मान डोलावली.

पण खरी गाठ पुढच्या भेटीत सुटली, आणि माझ्यामुळे नाही. हे सगळं ‘नीटच’ आलं कुठून, असं बोलत होतो. वडिलांचा विषय निघाला. ते पोस्टात कारकून होते. निकाल घेऊन घरी आलं की पहिला प्रश्न, “कितवा नंबर?” दुसरा आला तर, “पहिला कुणाचा?” हे सांगता सांगता त्या थांबल्या. “पण मॅडम, बाबा स्वतः रोज संध्याकाळी पेटी वाजवायचे. तीस वर्षं. तेच दोन-तीन अभंग. सूर चुकायचा, भात्याचा फसफस आवाज यायचा. आई आत कुकर लावायची. कधी कुणासमोर वाजवली नाही, कधी शिकायलाही गेले नाहीत.”

“त्यांना कुणी नंबर विचारला?”

“त्यांना कोण विचारणार? ती त्यांची हौस होती.”

हौस. शब्द त्यांच्याच तोंडून आला म्हणून मला इतका आनंद झाला. आपल्या भाषेत हा शब्द किती जपण्यासारखा आहे. आपण हौशी रंगभूमी म्हणतो, हौशी गायक म्हणतो आणि त्यात कमीपणा नसतो. पोट ज्यावर नाही, बक्षीस ज्याचं नाही, तरी माणूस वेळ काढून मन लावून करतो, ती हौस. ताईंच्या घरी ती रोज संध्याकाळी ऐकू येत होती, फक्त मुलीच्या वाट्याला नंबर आला आणि हौस वडिलांकडेच राहिली.

त्या दिवशी मी त्यांना पळण्याच्या इतिहासातला एक प्रसंग सांगितला. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड. त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॉलबर्ग यांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं मिळवली. तेच लिडियार्ड पुढे ऑकलंडमध्ये साध्या, वयस्क माणसांना हळूहळू पळायला शिकवत होते. अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस तिथे गेले, या मंडळींबरोबर टेकडीवर निघाले आणि थोड्याच वेळात धापा टाकत मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकारातून उठलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी हळू झाले आणि गप्पा मारत त्यांना सोबत करत राहिले. बॉवरमन परत गेले ते जॉगिंगचं वेड घेऊनच, आणि आपल्या गावात त्यांनी सामान्य लोकांसाठी ते सुरू केलं. ताईंना त्या प्रसंगातले वयस्क गृहस्थ फार आवडले. “ते पुढे निघून नाही गेले,” एवढंच म्हणाल्या.

मग प्रत्यक्ष काम. घड्याळ महिनाभर टेबलाच्या खणात. वेगाचं माप एकच, पळताना बोलता आलं पाहिजे. शरीराला सोसेल असा वेग ओळखायची ही जुनी, भरवशाची खूण आहे. जपानमध्ये फुकुओका विद्यापीठाचे हिरोआकी तानाका यांनी हळू जॉगिंगचा पुरस्कार केला, त्या वेगाला तिकडे ‘निको निको’ म्हणतात, म्हणजे चेहऱ्यावर हसू टिकेल असा वेग. ताईंनी त्याचं आपलं माप काढलं. पळताना सतराचा पाढा. सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोकला धाप लागली तर वेग जास्त झाला, कमी करायचा. पहिल्या आठवड्यात कळलं, की इतकी वर्षं त्या ग्रुपच्या मागे मागे राहायच्या धडपडीत सोसण्यापेक्षा जोरातच पळत होत्या. नडगी दुखायची ती त्यामुळे असावी. महिनाभरात ते दुखणं राहिलं नाही.

सगळ्यात अवघड गृहपाठ शेवटचा. लाज घालवायला एलिस लोकांना लाज वाटेल असंच काहीतरी निरुपद्रवी करायला लावत, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडायला वगैरे. ताईंना मी सांगितलं, रविवारी सगळ्यात गर्दीच्या वेळी तळजाईवर जा. जमेल तितकं हळू पळा. जे ओलांडून जातील त्यांना मोजा आणि तुमच्याकडे बघून कोण काय करतं ते लक्षात ठेवा. त्या आदल्या रात्री नीट झोपल्या नाहीत. सकाळी फोन करून नाही म्हणणार होत्या.

सोमवारी वहीचं पान घेऊन आल्या, गणिताच्या बाई त्या. एकतीस जणांनी ओलांडलं. तेवीस जणांनी पाहिलंच नाही. पाच जणांनी मान हलवली किंवा गुड मॉर्निंग केलं. दोघी ओळखीच्या निघाल्या, त्यांना ताई इतके दिवस दिसल्या नाहीत याचीच चौकशी करायची होती. आणि एक आजोबा थांबून म्हणाले, “किती वाजले हो?” ताईंच्या हातात घड्याळ नव्हतं. दोघेही तिथेच उभे राहून उन्हावरून अंदाज करत बसले.

पान माझ्यासमोर सरकवून त्या रडल्या. दोन वर्षं ज्या नजरांना घाबरून त्या अर्धा तास लवकर उठत होत्या, त्या नजरा तिथे नव्हत्याच.

सगळं सरळ झालं असं नाही. पुढे एकदा ग्रुपवर कुणाचा तरी दोन तासांच्या आतल्या हाफ मॅरेथॉनचा फोटो आला आणि त्यांचा अख्खा दिवस खराब गेला. तेव्हा आम्ही पुन्हा तोच लाल पेन काढला. ग्रुप त्यांनी सोडला नाही, नोटिफिकेशन मात्र बंद ठेवलं, आणि रविवारी आता सगळ्यांबरोबरच निघतात. मागे राहतात. पोह्यांपर्यंत पोहोचतात. स्पर्धेत पळणाऱ्यांबद्दल त्यांच्या मनात आता कडवटपणा नाही, तो त्यांचा आनंद आहे, तो त्यांना मिळो.

शेवटच्या भेटीत मी वेगाचं काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. निघताना दारात वळून म्हणाल्या, “मॅडम, सांगलीला भावाकडे बाबांची पेटी होती ना, ती आणली. भाता फाटलाय. दुरुस्तीला टाकलीय, दिवाळीपर्यंत मिळेल म्हणाले.”