पाड्यावरच्या आमच्या महिला बचत गटाने विक्रीसाठी निव्वळ मोहाच्या तेलाचा साबण केला तर चालेल का?

साबण होईल, पण विकायला नुसते मोहाचे तेल नको. त्यात लॉरिक आम्ल (खोबरेलात भरपूर असलेला, फेस आणणारा घटक) जवळपास नसल्याने फेस फार कमी येतो आणि गिऱ्हाईक फेसच बघते. 1 किलो तेलाला हे प्रमाण धरा:

- मोहाचे तेल 600 ग्रॅम, खोबरेल 300, एरंडेल 100
- कॉस्टिक सोडा 142 ग्रॅम (5 टक्के तेल साबण न होता मुद्दाम मोकळे राहते), पाणी 285 ग्रॅम

सोडा 1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावरच तोला, वाटी-चमच्याचे माप नको. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. भांडे स्टीलचे घ्या, ॲल्युमिनियम सोड्याने खाल्ले जाते. घाण्याचे तेल जुने, खवट असेल तर मिश्रण साच्यात ओतण्याआधीच आवळते. बिया नीट न वाळवता साठवल्या की हेच होते. वड्या कापून 4 ते 6 आठवडे हवेशीर जागी सुकवा.

मात्र हे प्रमाण सरासरी साबणीकरण मूल्यावर (तेलाचा साबण व्हायला किती सोडा लागतो, त्या आकड्यावर) काढले आहे. तेलाचा घाणा बदलला की आधी 200 ग्रॅमची चाचणी घ्या. आणि अंगाचा साबण म्हणून विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना आधी, लेबल नंतर.